सोलापूर रस्त्याची डावी बाजू

पुण्याहून निघून सोलापूरमार्गे कर्नाटकाच्या हद्दीकडे जाणाऱ्या महामार्गाला माझ्या लहानपणी नऊ नंबर होता. आता पासष्ट आहे. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, काही गावांना वळसा घालून बाहेरून जायला लागला, पण गावांचा क्रम तोच राहिला. हडपसर, लोणी, उरुळी, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर. ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली, कारण आमचं पोट या रस्त्यावर होतं. आमचं हॉटेल नव्हतं, ट्रक नव्हता, पंक्चरचं दुकानही नव्हतं. आमच्याकडे रस्त्याच्या कडेची चिंच होती.

हे आता समजावून सांगावं लागतं. तेव्हा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी झाडं होती. वड, कडुनिंब आणि चिंच. झाडं सरकारची, सावली येणाऱ्या-जाणाऱ्यांची, आणि चिंचेच्या फळाचा दर वर्षी लिलाव व्हायचा. प्रत्येक बुंध्यावर चुन्याचा पट्टा आणि त्यावर डांबराने काढलेला नंबर असायचा. अमुक पुलापासून तमुक विहिरीपर्यंतची झाडं एका हंगामासाठी ज्याने बोली जिंकली त्याची. झाडं कुणी लावली याबद्दल यवतच्या माणसांचं एक मत होतं आणि पाटसच्या माणसांचं दुसरं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते म्हणत, "ज्याने लावली त्याने स्वतःच्या नावाची पाटी लावली नाही. एवढ्यावरून तो जुना माणूस असावा हे नक्की."

आम्ही हडपसरला, मुख्य रस्त्याच्या मागे, गावठाणात राहत होतो. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणावर पत्र्याची शेड. माघ लागला की घरातली माणसं भिंतीकडे सरकायची आणि उरलेली जागा चिंच घ्यायची. पोती शेडमध्ये मावली नाहीत की पलंगाखाली, तिथे मावली नाहीत की माझ्या अभ्यासाच्या जागेवर. सकाळी गल्लीतल्या बायका यायच्या, समोर एकेक दगड घेऊन बसायच्या आणि लाकडी हातोडीने चिंच फोडायला लागायच्या. आधी टरफल, मग शिरा, मग चिंचोके. ठक, ठक, ठक. एकीची लय दुसरीशी कधी जुळायची नाही, आणि तरी दुपारपर्यंत सगळा मिळून एकच आवाज व्हायचा, आणि त्यात मला झोपही छान लागायची. शेजारी दूरदर्शनवर काय लागलंय हे त्या महिन्यांत आमच्या भिंतीला कधी ऐकू आलं नाही. सगळ्यांच्या बोटांची टोकं काळपट व्हायची. शाळेत बाईंनी एकदा माझे हात बघून विचारलं, "घरी सांडशी नाही का गं?" मी सांगितलं, "आहे, पण ती चिंचेच्या पोत्याखाली आहे." ते खरंच होतं.

जेवणात तर चिंच चुकायचीच नाही. चिंचगुळाची आमटी, चिंचेचं सार, अळूत चिंच, वांग्यात चिंच. झाडांना कोवळी पालवी फुटली की चिगूरची भाजी, त्यात लसणाची फोडणी. दुपारी आई जिरं, मीठ, गूळ आणि तिखट घालून चिंच कुटायची आणि त्याच्या गोळ्या करून काडीवर लावून द्यायची. रात्री चुलीत चिंचोके भाजले जायचे. देवाची तांब्या-पितळेची भांडी आमच्याइतकी लखलखीत सगळ्या हडपसरात कुणाची नव्हती. आज मी कोथरूडला सोसायटीत राहते. वाण्याकडून चिंचेचं पाकीट आणते आणि घरी आल्यावर ते काट्यावर ठेवते. मुलगा म्हणतो, "आई, अगं छापलंय ना वजन." छापलंय, पण चिंचोक्यासकट की चिंचोक्याशिवाय ते छापलेलं नाही. चिंचोके वेगळे काढून वजन केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

अण्णांचा आणि आईचा या रस्त्यावरून एक जुना वाद होता. अण्णा हडपसरचे. त्यांच्या लेखी रस्ता पुण्याहून निघायचा आणि सोलापूरला जायचा. आईचं माहेर भिगवणच्या पुढे. तिचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि नवं गावठाण रस्त्याजवळ वर वसलं. त्या घराच्या ओट्यावर बसून तिने लहानपणापासून पुण्याकडे जाणारी वाहनं पाहिली होती. तिच्या लेखी रस्ता तिकडून यायचा आणि पुण्यात येऊन संपायचा. एसटीत बसलं की कडेचे किलोमीटरचे दगड दोघंही वाचायचे. माहेराहून येताना आकडे लहान होत जायचे. आई म्हणायची, "बघ, संपत आला रस्ता." अण्णा म्हणायचे, "अगं, शून्य पुण्यात आहे. शून्यापासून गोष्टी सुरू होतात." आई म्हणायची, "डब्यात लाडू शून्य झाले की काय सुरू होतं, सांगा." दोघंही माझ्याकडे बघायचे, कारण माझं गणित चांगलं होतं. मी एकदा नीट विचार करून सांगितलं की दोघांचंही बरोबर आहे. अण्णा म्हणाले, "पोरगी हिशोबात पक्की आहे, पण न्यायाधीश व्हायची नाही."

मी सातवीत होते त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे लिलावात आमच्या पाटसजवळच्या नेहमीच्या टापूचे प्रथमच दोन भाग केले गेले, डावी बाजू वेगळी आणि उजवी बाजू वेगळी. अण्णांना डावी मिळाली. उजवी दौंडच्या कुणीतरी घेतली. दुसरी म्हणजे, उभा जन्म झाडांवर चढून काढलेले अण्णा सिटी बसच्या पायरीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून ते पलंगावर आडवे झाले. पलंगाखाली चिंचेचं एकही पोतं नव्हतं. हंगाम तर सुरू झालेला होता.

अण्णांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे काका, यांचं भवानी पेठेत चिंच-गुळाचं गोदाम होतं. ते भावाची चौकशी करायला आले आणि चहा यायच्या आत मुद्द्यावर आले. म्हणाले, "टापू माझ्याकडे दे. माझी माणसं झोडतील. तू बरा झालास की गोदामात गल्ल्यापाशी बस. कुसुमलाही काम देतो, फोडायला बायका लागतातच." कुसुम म्हणजे माझी आई. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी जाते पाटसला. मी झोडून आणते."

काका हसले. "कुसुम, तुला रस्त्याची डावी-उजवी तरी कळते का?"

आई म्हणाली, "भावजी, चहात साखर घालू, का आधीच इतकं गोड बोललात म्हणून राहू दे?"

अण्णा पलंगावरून प्लास्टरकडे बघत होते. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "दादा, हा हंगाम तिला करू दे." काकांनी चहा संपवला आणि अट घातली. हा हंगाम कुसुमने करावा. नीट झाला तर प्रश्न नाही. गोंधळ झाला तर पुढच्या वर्षीपासून बोली काकांच्या नावाने, आणि आमची शेड बंद. मग ते जाता जाता आमच्या नेहमीच्या गड्यांच्या घरी गेले आणि त्या सगळ्यांना जादा मजुरीवर आपल्याकडे लावून गेले. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मला कळलं ते निराळंच. शेड बंद म्हणजे अंगणात ठक ठक नाही, गल्लीतल्या बायका नाहीत, आणि आई काकांच्या गोदामात बाकीच्या बायकांच्या ओळीत. आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात कुणाकडे नोकरी केली नाही, ते सख्ख्या भावाच्या गल्ल्यावर.

गडी गेले म्हणून आई रडली नाही. तिने पिशवीत एक लुगडं टाकलं, माझी शाळा बुडवून मला बरोबर घेतलं ("पोती मोजायला माणूस हवं"), आणि आम्ही एसटीने तिच्या माहेरी गेलो. मामाने गावातले सात-आठ गडी गोळा केले. त्यांचा म्होरक्या म्हादू. हा म्हादू चाळिशीचा, काटकुळा, आणि झाडावर असताना जमिनीवरच्यापेक्षा जास्त बोलणारा. मामाच्या ओळखीचा उसाचा एक रिकामा ट्रक पाटसकडे निघाला होता. आई पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मी गड्यांबरोबर मागे. उसाचं पाचट अंगाला टोचत होतं, थंडी होती, आणि मी फार आनंदात होते, कारण त्या दिवशी इतिहासाची चाचणी होती.

ट्रक ओढ्याच्या पुलापाशी थांबला. तिथून विहिरीपर्यंतचा टापू आमचा. आईने केबिनमधून हात बाहेर काढला आणि डावीकडे दाखवलं. "ही डावी. हीच आपली." म्हादूने उतरून झाडाकडे पाहिलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "डावीच हाय." सगळे गडी म्हणाले डावी. त्यांचा जन्म ज्या गावात गेला तिथून रस्ता पुण्याकडेच यायचा, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मी केबिनच्या बाजूच्या फळीला पाठ टेकून मागे तोंड करून बसले होते, म्हणून मला क्षणभर वाटलं की डावी पलीकडची आहे. मग मी उठून वळले, आईच्या बाजूने तोंड केलं आणि स्वतःला दुरुस्त केलं. हिशोबाने त्या क्षणी सगळ्या ट्रकमध्ये मी एकटीच बरोबर होते, तेही उलटी बसल्यामुळे.

त्या दिवसासारखे दिवस मला पुढे फार थोडे मिळाले. झाडाखाली ताडपत्र्या पसरायच्या, म्हादू सरसर वर जायचा आणि फांद्या हलवायला लागायचा. खालचे लांब काठ्यांनी झोडायचे. चिंच ताडपत्रीवर पडताना सुपातून शेंगा ओतल्यासारखा आवाज यायचा. वरून म्हादू जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरशी गप्पा मारायचा. ड्रायव्हरला ऐकू जायचं नाही, पण म्हादूचं त्यावाचून अडायचं नाही. "वहिनी," तो ओरडायचा, "हितनं पार कुरकुंभ दिसतंय." आई म्हणायची, "मग तिकडची पण झोड." काही शेंगा गाभुळलेल्या निघायच्या, बाहेरून सुटलेल्या आणि आतून अर्धवट पिकलेल्या. त्या पोत्यात जायच्या नाहीत, तोंडात जायच्या. दुपारी भाकरी, पिठलं आणि चिंचेचा ठेचा. आईने पदर खोचला होता, डोक्याला फडकं बांधलं होतं आणि ती गड्यांना हुकूम सोडत होती. घरात मी तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. संध्याकाळी वस्तीवरच्या एका घराच्या पडवीत आम्ही झोपलो. झोपताना ती म्हणाली, "भावजी परवा बघायला येणार आहेत. येऊ देत."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी पुलापाशी एक टेम्पो थांबला. त्यातून एक बाई उतरल्या. भारदस्त शरीर, हिरवी साडी, डोक्यावरून नीट घेतलेला पदर, हातात काळी छत्री. मागून पाच-सहा माणसं काठ्या आणि ताडपत्र्या घेऊन उतरली. बाई ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे आमच्या झोडलेल्या झाडांखालून चालत आल्या, पोत्यांवर हात ठेवत ठेवत आईपर्यंत पोहोचल्या आणि म्हणाल्या, "बाई, झाडं फार छान झोडलीत. आता दौंडला आमच्या घरी येऊन भांडी पण घासून जाता का?"

आई म्हणाली, "कोण आपण?"

"मी हमीदाबी. ही चिंच ज्यांची आहे, ती."

"चुकताय तुम्ही. ही डावी बाजू आहे. डावी आमची आहे."

"डावी? कुठून डावी?"

आईने इंदापूरच्या दिशेने हात केला. "इकडून येताना."

हमीदाबींनी छत्री मिटली. "आणि सरकार कुठून येतं?"

आईच्या चेहऱ्यावर मी ते उमटताना पाहिलं. तिने आधी इंदापूरकडे पाहिलं, मग पुण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. हळूच म्हणाली, "सरकार पुण्याहून येतं." आणि ती पोत्यावर बसली. म्हादू झाडावर होता, तो फांदी हलवायचा थांबला. वरून म्हणाला, "वहिनी, आपल्याला काय म्हाईत. झाडावर चढल्यावर डावं-उजवं ऱ्हात न्हाई."

"तू गप," आई म्हणाली. मग मला विचारलं, "किती झाडं झाली?" मी सांगितलं, सात झाली, आठवं चालू आहे. ती हमीदाबींना म्हणाली, "सगळी पोती इथेच आहेत. एकही हललं नाही. तुमची आहेत, घेऊन जा. झोडणावळ मागत नाही." एवढं बोलून तिने डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याने तोंड पुसलं. मला कळत होतं की ती चिंचेचा विचार करत नव्हती. उद्या काका येणार होते आणि त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी डावी-उजवीचाच होता.

हमीदाबी तिच्या शेजारच्या पोत्यावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं?"

"भिगवणच्या पुढे."

"आणि सासर?"

"हडपसर."

हमीदाबी हसायला लागल्या. त्यांचं हसणं पोटातून यायचं, पोतंसुद्धा हलायला लागलं. "माझं माहेर कसबा पेठेत. सासर दौंडला. म्हणून माझा रस्ता तिकडून निघतो आणि माझी डावी बरोबर येते. माझं लग्न तुझ्या गावातून इकडे झालं असतं, तर आज मी तिकडची झाडं झोडत बसले असते आणि तू छत्री घेऊन आली असतीस." त्यांनी छत्री माझ्याकडे दिली. "धर गं. यात अक्कल नाही, नशीब आहे."

आईने मग सगळं सांगितलं. अण्णांचा पाय, काकांची अट, पळवलेले गडी. ती कुणाला घरातलं सांगणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी तिने सांगितलं. सांगून होतंय तोवर पुण्याच्या दिशेकडून एक स्कूटर येताना दिसली. पांढरी पँट, पांढरा शर्ट. काका एक दिवस आधीच आले होते.

त्यांनी स्कूटर लावली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, झाडावरचा नंबर वाचला, आणि त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. "कुसुम," ते म्हणाले, "ही उजवी बाजू."

आई उठून उभी राहिली. ती काही बोलायच्या आत हमीदाबी म्हणाल्या, "हो, उजवीच. आमची. आम्ही बदलून घेतली."

"बदलून? कधी?"

"आत्ता."

"लेखी आहे काही?"

"तुम्ही आलात ना. साक्षीदार लागतच होता."

काकांनी आईकडे पाहिलं. आईने हमीदाबींकडे पाहिलं. तिथे गप्प बसली असती तर सगळं निभावलं होतं. पण ती म्हणाली, "थांबा. आधी एक सांगते. डाव्या बाजूला विहिरीजवळ लाल चिंचेचं झाड आहे. आतून बीटासारखी लाल. आमच्या मालकांनी त्या एका झाडासाठी बोली चढवली होती. बाजू बदलली तर ते तुम्हाला जातं. नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

काका म्हणाले, "अगं, ते झाड देतेस? कुणी विचारलं होतं का तुला?"

"बाजू दिली की झाड गेलं, भावजी. अर्धी बाजू देता येत नाही."

हमीदाबी म्हणाल्या, "एवढं खरं बोलायची काय गरज होती गं? मी तर हो म्हणून बसले होते." आणि काकांकडे वळून, "लिहून घ्या साहेब. उजवी हिची, डावी माझी, लाल झाड निम्मं निम्मं. झोडणार माझी माणसं, मोजणार ही पोरगी, आणि तुमचं काम बघत उभं राहणं."

लाल झाडाची मोजणी हे माझ्या आयुष्यातलं पहिलं अधिकृत काम. दोन ताडपत्र्या, एक तराजू, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हमीदाबी, आणि मध्ये मी. वजन करताना दोघीही मुद्दाम समोरचीच्या पारड्यात मूठभर जास्त टाकायच्या आणि मी ती परत काढायचे. शेवटी मी चिडून म्हटलं, "तुम्ही दोघी लांब बसा, नाहीतर हिशोब होणार नाही." त्या खरंच लांब जाऊन बसल्या. आजही कुणी माझ्या हिशोबात बोट घातलं की मला ते लाल झाड आठवतं. मला एवढी मोकळीक पुढे कोणत्याही ऑफिसात मिळाली नाही.

जेवायला सगळे एकत्र बसले. आमची भाकरी-पिठलं, हमीदाबींच्या डब्यातली खट्टी डाळ आणि भात. चिंच दोन्हीकडे होती, साहजिकच. म्हादूने काकांना बसायला चिंचेचं पोतं दिलं आणि काका नको म्हणत बसले. उठले तेव्हा पांढऱ्या पँटीवर मागे चिंचेचा मोठा तपकिरी डाग होता. त्यांना कुणी सांगितलं नाही. ते स्कूटरवर बसून पुण्याकडे निघाले तेव्हा म्हादू झाडावरून म्हणाला, "वहिनी, पाव्हणं आपली चिंच घेऊन चाललं." आई इतकी हसली की तिला झाडाचा आधार घ्यावा लागला.

हंगामाची पोती टेम्पोने हडपसरला आली. दिवेलागणीला आईने अण्णांना, हात धुवायच्याही आधी, सगळं सांगितलं. डावी कशी चुकली, सात झाडं कशी झोडली, लाल झाड कसं निम्मं गेलं. काहीही लपवलं नाही, आणि काकांनी सांगायच्या आत सांगितलं. मी दाराशी उभी होते. अण्णा ऐकत राहिले. मग पलंग हलायला लागला. मला वाटलं पाय दुखतोय. ते हसत होते. प्लास्टर पलंगाच्या लाकडावर आपटत होतं, ठक, ठक, ठक. "चूक तुझी नाही," ते म्हणाले. "सरकार पुण्याहून सोलापूरला निघालं आणि तू सोलापूरकडून पुण्याला निघालीस. मध्ये पाटसला गाठ पडली, एवढंच झालं."

उजव्या बाजूची झाडं भारी निघाली. लाल चिंच निम्मी गेली ते भरून येऊन थोडं उरलंच, हे मी तेव्हाच तोंडी काढलं होतं. शेड बंद झाली नाही. पुढच्या हंगामात लिलावाला आई स्वतः गेली, अण्णा काठी टेकत तिच्या मागे. काकांनी डावी-उजवीचा विषय पुन्हा काढला नाही. गोदामाला माल कमी पडला की ते आमच्याकडून चिंच घ्यायचे आणि आई त्यांना चहा द्यायची, न विचारता दोन चमचे साखर घालून. हमीदाबींकडून दर वर्षी पाडव्याच्या आसपास लाल चिंचेची एक टोपली यायची, आणि ईदच्या आधी आईच्या हातच्या चिंचगोळ्यांचा डबा दौंडला जायचा. त्याला गुळाचा खर्च जास्त पडायचा, पण मी तो कधी मांडला नाही.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा झाडं गेली. त्याबद्दल लिहायला बसले तर पानं भरतील, आणि ते लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. अण्णा तोवर नव्हते. आईने पोती विकली, तराजू ठेवला. मी एवढंच सांगते की नवा रस्ता त्या विहिरीपाशी थोडा वळून पलीकडून गेला, आणि जुन्या रस्त्याचा एक तुकडा गावाकडे तसाच राहिला. त्या तुकड्यावर लाल चिंचेचं झाड आहे. बुंध्यावरचा नंबर आता वाचता येत नाही.

गेल्या महिन्यात मामाच्या नातवाचं लग्न होतं. परतताना गाडी मी चालवत होते, आई शेजारी. ती आता ऐंशीच्या घरात आहे, कान थोडे कमी झाले आहेत, जीभ नाही. दौंडला वळून हमीदाबींकडे गेलो. त्या खाटेवर होत्या, छत्री खाटेला टांगलेली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. हमीदाबी मोठ्याने म्हणाल्या, "काय गं, सरकार कुठून येतं?"

"तुझ्या माहेराहून," आई म्हणाली. "पण आता रस्त्याच्या मधे भिंत घातलीय. दोन्हीकडून यावं लागतं त्याला."

निघताना त्यांच्या सुनेने लाल चिंचेचं गाठोडं दिलं. मी ते हातात तोलून बघितलं, साधारण दीड किलो, आणि मागच्या सीटवर ठेवलं. आम्ही पुन्हा महामार्गाला लागलो. मध्ये दुभाजक, त्यावर कण्हेरीची झुडपं, पलीकडून सोलापूरला जाणारी वाहनं, अलीकडे आम्ही पुण्याकडे येणारे. पाटस मागे पडलं. पूर्वी पूल होता त्याच्या आसपास आईने काच खाली केली आणि आपल्या बाजूला बाहेर बघितलं. तिथे झाड नव्हतं, उसाचं शेत होतं. किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा लहान होत चालला होता.

"हीच ती बाजू ना?" मी विचारलं. "हमीदाबींची उजवी?"

"डावी," आई म्हणाली, आणि काच वर केली.